कॅमेऱ्याला जनांतिक कळत नाही

माझ्या मैत्रिणीच्या बाबांइतका मनातलं मनात ठेवणारा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये दुसरा नाही, आणि त्यांच्या मनात काय चाललंय हे ज्याला ठाऊक नाही असाही माणूस अख्ख्या पनवेलमध्ये सापडायचा नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे, पुराव्याशिवाय काही छापत नाही, म्हणून आधी खुलासा करते. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत कंसात एक शब्द असतो: जनांतिक. म्हणजे पात्रानं तोंडाशी हात आडवा धरायचा आणि मनातलं प्रेक्षकांना सांगायचं, चांगलं खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत. आणि शेजारीच उभ्या असलेल्या दुसऱ्या पात्राला मात्र त्यातलं अक्षरही ऐकू आलेलं नसतं. असा करार असतो. प्रेक्षक तिकीट काढतात तेव्हाच तो मान्य करतात. काकांची (मी त्यांना काका म्हणते) अडचण एवढीच, की हा करार पनवेलच्या तमाम नागरिकांनाही लागू आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

काकांचं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक फ्रेम लावून आरशात बघतं. काका म्हणतात, "वा! काय रुबाबदार दिसताय!" मग अर्धं वळायचं, उजवा हात तोंडाशी, नजर रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर, आणि टपरीच्याही मागे रांगा असल्यासारखं: "घुबड दिसतोय!" गिऱ्हाईक म्हणतं, "काका, मी ऐकलं." आता कोणीही सभ्य माणूस ओशाळेल. काका ओशाळायचे नाहीत, दुखावायचे. "तुम्ही कसं ऐकलंत? जनांतिक होतं ते!" नवं गिऱ्हाईक गोंधळून जायचं. जुनी गिऱ्हाइकं मात्र तयार झाली होती. काकांचा हात तोंडाशी गेला की ती छताकडे बघत, खोटंखोटं खोकत, आणि काका परत वळले की "हं, काय म्हणत होतात?" असं विचारत. याला मी नागरी शिष्टाचार म्हणते, आणि तो कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत याचा निषेध करते.

बरं, जनांतिकात काका वाईटच बोलायचे असं कोणी समजू नये. उलट चांगलं बोलायचं झालं की हमखास जनांतिकच. तोंडावर स्तुती करणं त्यांना जमलंच नाही कधी. माझी मैत्रीण मृणाल, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा तिला म्हणाले, "ठीक आहे, अक्षर सुधार," आणि खिडकीकडे वळून सगळ्या आळीला म्हणाले, "वाघीण आहे वाघीण!" तिच्या लग्नात पाठवणीच्या वेळी तिला म्हणाले, "चला, एक खोली रिकामी झाली," आणि मांडवाकडे वळून, "घर खायला उठणार आहे मला!" कॅटररची माणसं वाढायची थांबली. मृणाल दोन पावलांवर शालू सावरत उभी. तिनं सगळं ऐकलं आणि करारानुसार काहीच ऐकलं नाही. "बाबांनी मला कधी थेट शाबासकी दिली नाही ग," ती मला सांगते. "पण आळीला कळायचं. आळीकडून मला कळायचं." आई लवकर गेली तिची. घरात ही दोघंच, आणि मधे अदृश्य प्रेक्षक.

माझी त्यांची (आणि त्यांच्यामार्फत मृणालची) ओळख झाली ती जागेच्या भांडणातून. 'हौशी नाटकवाल्यांना तालमीला जागा द्या' असं पत्रक घेऊन मी बाजारात फिरत होते. लोक पत्रक घेत, घडी घालत आणि तिच्यात शेंगदाणे ठेवत. काकांनी ते घेतलं, चष्मा पुसला, दुकानाच्या पायरीवर आले आणि वाचायला लागले. काय वाचायला लागले! माझ्या स्वल्पविरामांना इतका मान आजवर कोणी दिला नव्हता. "आम्ही विचारतो" या शब्दांपाशी ते असे थांबले की एक रिक्षावाला ब्रेक मारून म्हणाला, "काय विचारतात?" गर्दी झाली. सह्यांसाठी माझा पेन पुरेना. एक आजी डोळे टिपत म्हणाल्या, "कोण गेलं?" वाचून झाल्यावर काका मला म्हणाले, "भाषा फार चढेल आहे तुझी." आणि टपरीकडे वळून: "काय लिहिते पोरगी!" मी म्हटलं, "काका, मी ऐकलं." पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्याच आठवड्यात मी त्यांच्या हौशी मंडळात प्रॉम्प्टर झाले.

मंडळात गेल्यावर समजलं की जनांतिक ही नुसती सुरुवात आहे. हा माणूस समोरच्याकडे पाठ करत नाही, कारण प्रेक्षकांकडे पाठ करायची नसते. त्यामुळे हॉटेलातून, बँकेतून, एकदा तर डॉक्टरांच्या तपासणी खोलीतून ते खेकड्यासारखे आडवे बाहेर पडले. कोणाच्या घरी गेले की बेल वाजवून आत येत नाहीत. दारात थांबतात, सगळ्यांची नजर वळेपर्यंत वाट बघतात, मग प्रवेश करतात. आणि वीज गेली की विचारूच नका. इतर माणसं मेणबत्ती शोधतात. काकांच्या डोक्यात एकच, ब्लॅकआउट! ते झटक्यात उठून अंधारात पुढच्या प्रवेशाचं नेपथ्य लावतात. दिवे येतात तेव्हा टीपॉय खिडकीशी, खुर्च्या भिंतीला, आणि आपण ज्या सोफ्यावर बसलो होतो तो आपल्यासकट बाल्कनीच्या दारात. डोळे तपासायच्या खोलीतही तेच. गिऱ्हाइकानं भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचली, "क... प... ठ...", की काका म्हणायचे, "दिसतंय बरोबर, पण भावना नाही आली. परत." नंबर बरोबर निघायचा, हे मी मान्य करते.

पण काकांचा जीव अडकला होता तो त्यांच्या नाटकात. 'लेकीची लिफ्ट' हे त्यांनीच लिहिलेलं, त्यांनीच बसवलेलं, आणि त्यातला बाप त्यांनीच वर्षानुवर्षं केलेला. गोष्ट साधी आहे. खाडीकाठच्या बैठ्या घरात राहणारा बाप. लेकीनं खारघरच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतलाय आणि ती निघालीय. बाप तिला म्हणतो, "जा, जा, तिथे लिफ्ट आहे, तुझा जिना वाचेल." शेवटच्या प्रवेशात लेक बॅग घेऊन दारात उभी. बाप पुढे येतो, हात तोंडाशी, आणि प्रेक्षकांना सांगतो: "हिला सांगू नका हं. ही गेली की मी टीव्ही मोठ्यानं लावणार. घरात कोणीतरी बोलतंय असं वाटायला पाहिजे." पहिल्या वाक्याला लोक हसतात. दुसऱ्याला जास्त हसतात. तिसऱ्याला हसू मधेच थांबतं. ते कुठे थांबतं ती जागा काकांना श्वासासारखी माहीत. मी विंगेत पुस्तक धरून बसायचे आणि दरवेळी ओळ हरवायचे, आणि काका प्रयोगानंतर मला नाही, झाडूवाल्या मामांना सांगायचे, "पोरगी रडते! कामाची आहे!"

या नाटकात बापाची बहीण असते. ती भूमिका उरणच्या एक ताई करतात. सकाळी मासळी बाजारात बसतात, संध्याकाळी तालमीला येतात. संपूर्ण मंडळात काकांना तोंडावर बोलणारी एकटी बाई. काका जनांतिक करायला वळले की त्या म्हणत, "बोला बोला, आमी भयऱ्या हाव, काय आयकू येत नाय!"

तर या सुखात एक दिवस एक दिग्दर्शक आला. एका वाहिनीसाठी नाटकांवरून छोट्या फिल्म करायच्या होत्या, त्यानं आमचा प्रयोग पाहिला होता, आणि त्याला 'लेकीची लिफ्ट' हवं होतं. तरुण, हडकुळा, आणि इतका नम्र की भांडायला जागाच ठेवत नव्हता. प्रत्येक वाक्याआधी "सॉरी हं सर, पण". दुकानात उभ्या उभ्या त्यानं सांगितलं, "सॉरी हं सर, पण नाटक फारच सुंदर आहे." काका आडवे झाले... म्हणजे आडवे चालत जाऊन आतून खुर्ची घेऊन आले. मग तो म्हणाला, "सॉरी हं सर, पण बापाच्या रोलसाठी वरच्या लोकांना टीव्हीवरचा चेहरा हवाय. तुमचं काम... कसं सांगू... मोठं आहे. कॅमेरा जवळ असतो. मला स्वतःला तुम्हीच हवे आहात. पंधरवड्यानंतर खारघरला आमच्या ऑफिसात टेस्ट ठेवतो. लहान करून दाखवा. झालं तर रोल तुमचा. नाहीतर लेखक म्हणून तुमचं नाव मोठ्ठं येईलच."

माझं डोकं सणकलं. लहान करून दाखवा! नाटक काय पुडीतलं फरसाण आहे, की अर्ध्या मापाचं मागितलं? ज्या माणसानं तो बाप कोंबड्या-कबुतरांनी भरलेल्या मैदानात, गळक्या मांडवात, माईक बंद पडलेल्या शाळांच्या हॉलमध्ये जिवंत ठेवला, त्याला सांगायचं की तुझा बाप आता आमच्या ओळखीचा माणूस करेल? मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा: 'बाप बदलून मिळणार नाही!' दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजारपेठेत वाटलं. इतका धारदार मथळा मी आजवर दिला नव्हता आणि इतका गोंधळही कधी झाला नव्हता, कारण लोकांनी मथळा आणि खालचं काकांचं नाव एवढंच वाचलं. खांदा कॉलनीत मृणालच्या सासरी तीन बायका फळं घेऊन आल्या. "कायदेशीर काही आहे का ग?" त्यांनी हळूच विचारलं. मृणालच्या सासूबाईंनी दोन दिवस तिच्याशी फार मायेनं वागून तिला हैराण केलं. मृणालनं मला फोनवर जे सुनावलं ते छापण्याजोगं नाही. आणि काका? काका पत्रक बघून म्हणाले, "तू माझ्या बाजूची की विरुद्ध?" आणि टपरीकडे वळून, "मनानं चांगली आहे, कोणीतरी हिच्या हातातलं पेन काढून घ्या!"

कारण त्यांना लढायचं नव्हतंच. त्यांना टेस्ट द्यायची होती! उत्साहानं त्यांची झोप उडाली होती. "अग, आपला बाप घरोघरी जाणार," मला म्हणाले. आणि दारातून रस्त्याला म्हणाले, "आणि तो दुसऱ्यानं केलेला मला बघवणार नाही!" म्हणजे प्रश्न एवढाच उरला: पंधरवड्यात काका लहान होतात की नाही.

मग सुरू झाला तो या शहराच्या इतिहासातला सर्वांत गोंगाटी शांततेचा सराव. युक्ती काकांनीच काढली. डोळे तपासायचा तक्ता! वरचं अक्षर सगळ्यांत मोठं, तेव्हा ते मोठ्या आवाजात. मग ओळ लहान होत जाईल तसा आवाज लहान. शेवटची ओळ म्हणजे कॅमेरा. दुकान उघडलं की बाजारात आरोळी उठायची, "क!" मग जरा खाली, "प, ठ!" मग आणखी खाली. मृणाल दारात उभी राहून ऐकायची, मी रस्त्याच्या मध्यावर, आणि पलीकडून टपरीवाला निकाल द्यायचा, "काका, शेवटच्या ओळीतला 'ण' आला बघा ऐकू! स्पष्ट!" काका हिरमुसून परत वरून सुरू करायचे. गिऱ्हाइकांना वाटायला लागलं की नंबर काढायची ही नवी पद्धत आहे. एक मास्तर घरून सराव करून आले आणि पहिलं अक्षर असं ओरडले की शोकेसमधल्या फ्रेमा हलल्या. उरणच्या ताई मासळीच्या पाट्या धुऊन येत, पायरीवर बसून चहा पीत आणि मान हलवत. "मी मावरं विकतंय, मना वरडायला लागतंय. तुमी चष्मे विकताव. चष्म्याला काय कान हायेत?"

"कानांवरच तर बसतो तो, ताई!" काका म्हणाले. बाजार हसला. हशा आला की काका आपोआप अर्ध्या इंचानं मोठे होत. तिथेच सगळं बिघडायचं.

दरम्यान खारघरला संहितेचं वाचन झालं आणि मला माझा खरा शत्रू सापडला. नाटकात दारावर टकटक होते आणि ताई विचारतात, "कोन हाय?" वाहिनीच्या माणसानं टाइप करताना मधे स्वल्पविराम घातला होता: "कोन, हाय?" फिल्ममध्ये लेकीचं काम करणारी मुलगी गुणी होती, पण तिला आमच्याकडची बोली कुठून माहीत असणार? ताईंची ही ओळ फिल्ममध्ये तिला दिली होती, ती तिनं वाचून दाखवली: "कोण? हाय!" आणि हात हलवला. खोलीत कोणालाच काही वावगं वाटलं नाही! एका स्वल्पविरामानं अख्ख्या किनाऱ्याची बोली इंग्रजी केली, आणि हे लोक कॉफी पीत होते! मी उभी राहून निषेध नोंदवणार, तेवढ्यात ताईंनी त्या मुलीचा हात प्रेमानं धरून खाली केला. "बाय गो, आमच्यात हाय म्हनजे हाय, नाय म्हनजे नाय. टाटा कोनाला करतंस?" मुलगी लाजली, ओळ पाठ करून घेतली आणि शेवटी अशी म्हणाली की ताई म्हणाल्या, "आता तू आमची." पत्रकाची गरज उरली नाही. मला थोडं वाईट वाटलं.

टेस्टच्या दिवशी आम्ही चौघं गेलो: काका, मृणाल, ताई आणि मी. टॉवरमधली वरच्या मजल्यावरची खोली, पडदे लावलेले, दोन दिवे, एक कॅमेरा. लेकीचं काम करणारी मुलगी दुसऱ्या शूटिंगला अडकली होती. दिग्दर्शक म्हणाला, "सॉरी हं मॅम, पण नुसतं उभं राहायचंय, तुम्ही राहाल?" आणि मृणालच्या हातात एक रिकामी बॅग दिली. काका शर्टाची बटणं तपासत होते. त्यांना असं घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. दोनदा पाणी प्यायले, दोन्ही वेळा आडवे जाऊन.

शेवटचा प्रवेश. काका "तिथे लिफ्ट आहे" पर्यंत छान गेले, खरंच लहान. मग सवयीनं दोन पावलं पुढे आले, हात तोंडाशी नेला आणि थेट कॅमेऱ्यात बघून गरजले, "हिला सांगू नका हं!" कॅमेऱ्यामागचा माणूस मागे सरकला.

"सॉरी हं सर, पण कॅमेऱ्यात बघायचं नाही."

"मग प्रेक्षक कुठे बसलेत?"

"प्रेक्षक नाहीयेत सर. ते नंतर येणार. आपापल्या घरी, मोबाइलवर."

काका कॅमेऱ्याच्या आजूबाजूला बघत राहिले. डावीकडे भिंत. उजवीकडे पडदा. "नंतर येणार," ते म्हणाले. "मग मी हे आत्ता कोणाला सांगू?"

मी सवयीनं पेन बाहेर काढलं आणि परत आत ठेवलं. शेवटी दिग्दर्शकच म्हणाला, "तिला सांगा ना."

"तिला?" काकांचा आवाज चढला. "अहो, ती दोन पावलांवर आहे! तिला ऐकू जाईल!"

"जाऊ दे ना सर."

"तिला ऐकू गेलं तर नाटकच संपलं!"

"संपू दे," तो म्हणाला, आणि या वेळी सॉरी म्हणाला नाही.

काकांनी प्रयत्न केला. मृणालकडे बघून वाक्य म्हणायला गेले तर हसू यायचं. "ही कुठे जाते? हिचं सासर खांदा कॉलनीत. रिक्षानं येते भांडायला." परत घेतलं. मग वाक्य भिंतीला सांगितलं. परत. मग जमिनीला. दिग्दर्शकानं घड्याळाकडे बघितलं नाही, पण त्यानं ते मुद्दाम बघितलं नाही हे कळत होतं. "सर, एकदाच अजून. मला वर दाखवायला काहीतरी हवंय." ताई एरवी या जागी टोमणा मारत्या, त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. टीव्हीवरचा तो दुसरा चेहरा त्या खोलीत कुठेतरी येऊन बसलाय असं मला वाटायला लागलं.

काका परत उभे राहिले. लिफ्टचं वाक्य झालं. हात वर उठला, हनुवटीपर्यंत आला आणि तिथून खाली गेला. ते मृणालकडे बघत होते. ओठ हलले. मी जवळच होते, पण मला काही ऐकू आलं नाही. त्या माणसाच्या तोंडून निघालेला आणि मला ऐकू न आलेला तो पहिला शब्द! मृणालच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. तिनं बॅग खाली ठेवली आणि शेजारच्या स्टुलावर मटकन बसली. असं तर नाटकात नव्हतं. दिग्दर्शक कट म्हणायला विसरला. मग उठून टाळ्या वाजवायला लागला, "हेच सर! हेच! आवाज नंतर घेऊ, पण हेच!"

रोल काकांना मिळाला. लिफ्टमधून खाली येईपर्यंत मी नाचत होते, ताई काकांच्या पाठीत धपाटे घालत होत्या, आणि काका लिफ्टच्या आरशातल्या सगळ्या काकांना नमस्कार करत होते. खाली रिक्षाची वाट बघताना मी मृणालला बाजूला घेतलं. "काय म्हणाले ग?"

"संवाद विसरले होते," ती म्हणाली. "म्हणाले, 'टाच दुखतेय ना तुझी? बस.'"

"तुझी टाच दुखते?"

"कधीची. मी कोणाला सांगितलं नव्हतं."

शूटिंगला काकांनी एकच अट घातली: त्या प्रवेशाला कॅमेऱ्याच्या शेजारी मृणाल उभी पाहिजे. तिनं रजा काढली. फिल्म झाली, दाखवली गेली, आणि खरं सांगते, सुंदर झाली. पडद्यावरचा बाप लेकीला सांगतो की तू गेलीस की टीव्ही मोठ्यानं लावणार, आणि आपण त्याच्या इतक्या जवळ असतो की त्याच्या पापण्या मोजता येतील. त्या जागी व्हायोलिन घातलंय, त्याबद्दल मी दिग्दर्शकाला निषेधाचा लांब मेसेज पाठवला, उत्तर आलं, "सॉरी हं, पण वरून सांगितलं." ते सोडून देऊ. पनवेलनं फिल्म डोक्यावर घेतली. दुकानात अनोळखी माणसं यायला लागली, नंबर नसताना. 'बाप बदलून मिळणार नाही' हे पत्रक द्रष्टं होतं असं मी सगळ्यांना सांगते, आणि कोणी खोडून काढत नाही.

मग ओवे गावात आमचा प्रयोग लागला. फिल्म बघितल्यामुळे मैदान गच्च. बायका पुढे, मुलं कुंपणावर, मागची माणसं खुर्च्यांवर उभी. पहिला अंक रंगला. शेवटच्या प्रवेशाला काका पुढे आले आणि थांबले. पुढे बघितलं, त्या सगळ्या माणसांकडे. मग हात न उचलता वळले आणि लेकीचं काम करणाऱ्या आमच्या मंडळातल्या मुलीला ते वाक्य म्हणाले. हळू. तिच्यापुरतंच.

मागून हाक आली, "आवाज!" मग दुसरी, "काका, आवाज नाय!" मी विंगेतून अख्खी ओळ ओरडून सांगितली, जणू ते विसरलेत. ते विसरले नव्हते. त्यांनी परत म्हटलं, परत तितकंच हळू. गलका वाढला. तेव्हा ताई, ज्यांचा त्या जागी संवादच नाही, तरातरा पुढे आल्या, पदर खोचला, तोंडाशी हात आडवा धरला आणि ओवे गावाच्या त्या टोकाला आवाज दिला: "तो म्हनतंय, ही गेली का मी टीवी मोठ्यानं लावनार! घरान कोनतरी बोलतंय असा वाटाला पायजे!" मैदान हशानं फुटलं आणि मग बरोबर त्याच जागी थांबलं. काका ताईंच्या मागे उभे होते. टाळ्या पडल्या. काकांनी नमस्कार केला, पण मैदानाला नाही, ताईंना.

त्यानंतर त्यांनी नाटकातला बाप केला नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, गळा बसलाय. दुकानात मी हल्ली बघते, गिऱ्हाईक भलती फ्रेम लावून आरशात बघतं आणि काका त्याच्या जवळ जाऊन सांगतात, "ही राहू दे. दुसरी बघू." धंदा वाढलाय. मृणाल संध्याकाळी येते, बापलेक आतल्या खोलीत काहीतरी बोलत बसतात, बाहेर काही येत नाही. वीज गेली तर खुर्च्या जिथल्या तिथे असतात.

परवा मी नव्या पत्रकाचा कच्चा खर्डा घेऊन गेले. रंगीत तालमीसाठी तरी हॉल मिळावा, हीच जुनी मागणी, नव्या शब्दांत. काकांनी पायरीवर न येता बसल्या जागी तो वाचला, मनात. मी टपरीकडे तोंड करून उभी राहिले, त्यांना वळायला जागा मिळावी म्हणून. ते वळले नाहीत. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "चांगलं लिहितेस तू."

याला काय उत्तर द्यायचं असतं मला माहीत नाही. आळीला सांगितलेल्या कौतुकाला उत्तर द्यावं लागत नव्हतं. खोटं खोकलं की भागायचं. मी हो म्हणाले, बहुतेक, किंवा येते म्हणाले, आणि रस्ता ओलांडला. टपरीवाल्यानं न मागता चहा ओतला. दुकानाकडे एकदा बघून त्यानं पुढे वाकून विचारलं, "काय म्हणाले ग काका?"

"काही नाही," मी म्हटलं.